वडिलांचा इंद्रजालचा गठ्ठा कमी करताना

वडिलांनी जमवलेले इंद्रजाल आणि अमर चित्र कथा या जुन्या कॉमिक्सचे चारशे अंक आहेत, घरात जागा नाही, कोणते काढू, हा तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. घाई करू नका. आधी वहीत यादी करा: अंक क्रमांक, भाषा, अवस्था. यादी नसताना मी दुसऱ्या संग्राहकाशी अदलाबदल केली आणि वेताळाचा (म्हणजे इंद्रजालमधल्या फँटमचा) एक मराठी अंक हातचा घालवला. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात माझ्या वडिलांची सही होती. अजून सलतं.

आधी दुबार अंक काढा. मग अमर चित्र कथा. १९६७मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचे बरेचसे अंक पुन्हा पुन्हा छापले गेलेत, ते नव्यानेही मिळतात. इंद्रजाल मात्र १९९० साली बंद झालं, त्याला शेवटी हात लावा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- फाटलेल्या पानाला सेलोटेप लावतात. ती पिवळी पडते, डाग कागदात मुरतो आणि निघत नाही.
- अंक एकत्र बाइंड करतात. कडा कापल्या जातात.
- अदलाबदलीत पानं न मोजता अंक घेतात. पिना गंजल्या की मधलं जोडपान आधी निसटतं. समोरच्याकडे मुखपृष्ठाबरोबर पिनांचाही फोटो मागा.

किमतींचं नंतर बघू. पहिल्या पन्नास अंकांची यादी झाली की दाखवा, आपण मिळून निवडू.