चार्टर शाळेचा ‘स्पॉन्सर’ : प्रायोजक की सनददाता?

प्रश्न : अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील चार्टर स्कूलविषयीचा (सरकारी पैशावर, पण करार करून स्वतंत्र मंडळाने चालवलेल्या शाळेविषयीचा) मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘चार्टर स्कूल’ला ‘सनदी शाळा’ आणि तिच्या ‘स्पॉन्सर’ला ‘प्रायोजक’ म्हटलं तर चालेल का?

‘सनदी शाळा’ चालेल. ‘प्रायोजक’ मात्र नको, त्याने अर्थ उलटा होतो.

प्रायोजक म्हटलं की मराठी वाचकाला पैसे देणारा दिसतो : मालिकेचा, क्रिकेट स्पर्धेचा, गणेशोत्सवाच्या कमानीवर नाव झळकणारा. ओहायोतला स्पॉन्सर शाळेला पैसे देत नाही, शाळेकडून घेतो. शाळेला चालू खर्चासाठी राज्याकडून जी रक्कम मिळते, तिच्या जास्तीत जास्त 3 टक्के शुल्क त्याला देखरेखीपोटी घेता येतं. शाळेला 20 लाख डॉलर मिळत असतील तर 60 हजारांपर्यंत. शाळा चालते सरकारी पैशावर, पटावरच्या विद्यार्थ्यांच्या हिशोबाने, आणि मुलांकडून फी घेता येत नाही.

मग स्पॉन्सर करतो काय? शाळेच्या नियामक मंडळाशी तो लेखी करार करतो. हा करार म्हणजेच चार्टर. पहिल्या कराराची मुदत जास्तीत जास्त 5 वर्षं. शिकवायचं काय, निकाल कसा मोजायचा, पैसा कसा वापरायचा, शाळा बंद पडली तर काय करायचं, हे सगळं त्यात येतं. पुढे शाळेचा जमाखर्च आणि पटसंख्या दर महिन्याला तपासणं हेही स्पॉन्सरचंच काम. शाळा अटी पाळत नसेल तर तो तिला परिवीक्षेवर (सुधारण्याची संधी देऊन निरीक्षणाखाली) ठेवू शकतो, तिचं कामकाज स्थगित करू शकतो, करार संपुष्टात आणू शकतो. रोजची शाळा चालवणं त्याच्याकडे नसतं. ते नियामक मंडळाकडे असतं (त्यात किमान 5 सदस्य लागतात), आणि मंडळ पुष्कळदा ते व्यवस्थापन कंपनीला देतं. भाषांतरात हे तिघे एकमेकांत मिसळतात, म्हणून ‘संस्थाचालक’ हा शब्दही स्पॉन्सरसाठी वापरू नये. आपल्याकडच्या संस्थाचालकांशी जुळतं ते नियामक मंडळ. स्पॉन्सरचं काम शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या तपासणीला अधिक जवळचं आहे. फरक इतकाच की ओहायोत हे काम शाळा-जिल्हे (आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था), विद्यापीठं आणि ना-नफा संस्थाही करू शकतात.

इंग्रजी शब्दाचं मूळ पाहिलं तर गोंधळ कुठून आला ते कळतं. लॅटिनमध्ये स्पॉन्सर म्हणजे वचन देणारा, हमी घेणारा. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीने वचन देणाऱ्या व्यक्तीलाही हाच शब्द आहे. जाहिरातदाराचा अर्थ नंतरचा. कायद्यातला स्पॉन्सर जुन्या अर्थाला धरून आहे, ‘प्रायोजक’ने मात्र फक्त नवा अर्थ उचलला. चार्टर शाळांचा पहिला कायदा 1991 मध्ये मिनेसोटाने केला. त्या राज्याने 2009 मध्ये कायद्यातून ‘स्पॉन्सर’ काढून ‘ऑथोरायझर’, म्हणजे अधिकार देणारा, हा शब्द आणला. ओहायोत जुनाच शब्द टिकला आहे.

‘सनद’वर एक आक्षेप येऊ शकतो. जुन्या इनामाच्या सनदा ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ दिलेल्या असत आणि चार्टर तर मुदतीचं. पण आजच्या मराठीत सनदेचा सर्वांत जिवंत वापर वकिलीचा आहे. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल वकिलाला सनद देते, गैरवर्तन झालं तर ती निलंबित किंवा रद्द होते. अटींवर दिलेली, काढून घेता येणारी परवानगी हा चार्टरचा गाभा इथे नेमका सापडतो. बार कौन्सिलला वकिलाचा प्रायोजक कुणी म्हणणार नाही. म्हणून माझी शिफारस : ‘सनददाता’, किंवा पहिल्या उल्लेखाला ‘शाळेला सनद देऊन देखरेख ठेवणारी संस्था (स्पॉन्सर)’ आणि पुढे ‘सनददाता संस्था’. ‘हमीदार’ मोहात पाडतो, पण टाळा. वाचकाला वाटेल की शाळेचं कर्ज बुडालं तर स्पॉन्सर ते फेडेल.

चुकीच्या शब्दाने बातमीही चुकते. ओहायोतली इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो ही सुमारे 12,000 विद्यार्थ्यांची ऑनलाइन शाळा जानेवारी 2018 मध्ये, ऐन शालेय वर्षात बंद झाली. जितक्या विद्यार्थ्यांचे पैसे घेतले, तितक्यांच्या शिक्षणाची नोंद तिला दाखवता आली नाही आणि राज्याने कोट्यवधी डॉलर परत मागितले. शेवटी स्पॉन्सरने हात काढून घेतला. ‘प्रायोजकाने माघार घेतली’ असं लिहिलं तर देणगी आटली म्हणून शाळा बुडाली असं वाटतं. ‘सनददाता संस्थेने सनद स्थगित केली’ म्हटलं की घडलं ते कळतं.

या व्यवस्थेतली खरी अडचणही ‘सनददाता’मुळे नीट मांडता येते : ज्या शाळेवर कारवाई करायची, तिच्याच शुल्कावर देखरेख करणाऱ्याचं उत्पन्न अवलंबून. त्यामुळे 2015 च्या कायद्याने ओहायोत स्पॉन्सरांचंच मूल्यमापन कडक झालं, आणि ‘निकृष्ट’ शेरा मिळालेल्याचा अधिकार जाऊ शकतो.

आणखी एक अडथळा. ओहायोच्या कायद्यात या शाळांचं नावच ‘कम्युनिटी स्कूल’ आहे. त्याचं ‘सामुदायिक शाळा’ करू नका, एखाद्या समाजाने काढलेली शाळा असं वाटतं. तिथेही ‘सनदी शाळा’च लिहा. ‘प्रायोजक’ हा शब्द महाराष्ट्राच्या 2023 च्या शाळा दत्तक योजनेसाठी राखून ठेवा. तिथे मदत देणारा खरोखरच देणारा असतो.