जुन्या पेट्रोल पंपाची जागा घेताना बोअरवेलच्या पाण्याचा रिपोर्ट पुरेसा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घ्यायच्या जागेवर पूर्वी पेट्रोल पंप होता, जमिनीखालच्या टाक्या अजून तिथेच आहेत, आणि मालक आवारातल्या बोअरवेलच्या पाण्याचा स्वच्छ रिपोर्ट दाखवतोय. त्यावर भरवसा ठेवावा का?

नका ठेवू. मालक खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. रिपोर्ट खरा असेल, फक्त तो भलत्याच पाण्याचा आहे. भूजल प्रदूषणाच्या तपासण्या हे माझं रोजचं काम, आणि अशा जागेवर गेलं की बहुतेक वेळा पहिल्यांदा हाच कागद पुढे येतो.

पेट्रोल आणि डिझेल दोन्ही पाण्यापेक्षा हलकी. गळालेलं इंधन मातीतून खाली झिरपतं आणि भूजलाच्या पातळीला टेकलं की तिथेच तरंगत पसरतं. बोअरवेलला मात्र वरच्या भागात केसिंग, म्हणजे बंद पाइप, असतं. माती ढासळू नये आणि वरचं घाण पाणी आत येऊ नये यासाठीच ते घालतात. म्हणजे इंधन सापडण्याची शक्यता ज्या थरात सगळ्यात जास्त, नेमका तोच बंद करून आपण खालच्या खडकातलं पाणी तपासतो. वरचा थर तपासायला वेगळी उथळ निरीक्षण विहीर घ्यावी लागते. साधारण दोन इंची पाइप, आणि त्याचा बारीक चिरा पाडलेला भाग भूजलाच्या पातळीच्या वरही आणि खालीही येईल असा. पातळी ऋतूप्रमाणे वरखाली होते, हे धरूनच त्या भागाची लांबी ठरवायची.

पण बोअर मारायचं मशीन आणण्याआधी कागद चाळा. टाक्या कधी बसवल्या, कोणत्या टाकीत काय होतं, पाइप कुठून कुठे गेले होते, दुरुस्ती कधी झाली. साठ्याच्या जुन्या वह्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं: डिपच्या मापाचा (टाकीत पट्टी बुडवून घेतलेल्या साठ्याच्या मापाचा) आणि विक्रीचा ताळमेळ महिनोन्महिने एकाच बाजूला चुकत असेल, तर तिथे गळतीचा संशय घ्यायचा. टाकीचं पोटच गंजून फुटतं असं सगळे धरून चालतात, पण पाइपांचे सांधे, डिस्पेन्सरखालची (गाडीत इंधन भरायच्या यंत्राखालची) जागा आणि टँकर रिकामा करताना इंधन सांडायचं ते भरण्याचं तोंड, ही ठिकाणं तितकीच संशयास्पद असतात. नमुने तिथून हवेत. मोकळ्या कोपऱ्यात मशीन सोयीने उभं राहतं म्हणून तिथे मारलेला बोअर काही कामाचा नाही.

मातीच्या नमुन्यात एक चूक हमखास होते. शेतातल्या माती परीक्षणाची सवय असलेली माणसं चार ठिकाणची माती घमेल्यात घेऊन छान कालवतात. खतासाठी ते बरोबर आहे, इथे मात्र कालवता कालवता बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला चटकन उडणारा विषारी घटक, हवेत उडून जातं. आम्ही प्रत्येक खोलीची थोडी माती प्लास्टिकच्या पिशवीत घेतो, अर्धी पिशवी रिकामी ठेवून तोंड बंद करतो, थोडा वेळ थांबतो आणि मग पीआयडी नावाच्या हातात धरायच्या यंत्राची नळी आत सारून वाफ मोजतो. आकडा जिथे उसळतो त्या खोलीचा वेगळा, न हाताळलेला नमुना प्रयोगशाळेत जातो. हे यंत्र पेट्रोलला चटकन ओळखतं, डिझेलला तितकं नाही, कारण त्याची वाफ कमी. आणि हो, माती नाकाशी धरून हुंगू नका. बेंझिनने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे.

विहिरी किमान तीन, आणि एका रेषेत नकोत. तिन्हींची पाण्याची पातळी एकाच संदर्भाने मोजली की भूजल कुठल्या दिशेला वाहतंय ते काढता येतं. एक विहीर टाक्यांच्या वरच्या अंगाला, म्हणजे भूजल जिकडून येतं त्या बाजूला, असू द्या, नाहीतर शेजारच्या जागेतून आलेलं प्रदूषणही तुमच्या माथी मारलं जाईल. भेगाळ कठीण खडक असेल तर तीनवर भागत नाही. तिथे इंधन भेगांच्या वाटेने जातं, आणि हाकेच्या अंतरावरच्या दोन विहिरींचे निकालही जुळत नाहीत.

विहिरीत तरंगणारा थर दिसला तर त्याची जाडी मोजा, पण तेवढाच जाड थर जमिनीतही आहे असं समजू नका. विहिरीत तो सहसा जास्त जाड दिसतो. पाण्याची बाटली काठोकाठ भरून, झाकण लावून उलटी करायची. आत बुडबुडा फिरताना दिसला तर नमुना बाद, कारण बेंझिन त्या बुडबुड्यात निसटतं. बाटल्या लगेच बर्फात.

प्रयोगशाळेला नुसतं ‘पाणी तपासा’ म्हणालात तर क्षार आणि जिवाणू तपासून मिळतील. बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलीन, नॅफ्थलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन असं नावानिशी लिहून द्या. पेट्रोलमध्ये शिसं मिसळायचे त्या काळातली टाकी असेल तर शिसंही. पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एमटीबीई हे रसायन विसरू नका: ते पाण्यात सहज विरघळतं, सावकाश विघटन पावतं आणि बेंझिनच्या पुढे निघून जातं. बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, तेव्हा प्रयोगशाळेचं यंत्र त्याहून कमी मोजू शकतं का हे पैसे भरण्याआधी विचारा.

एकाच फेरीवर निर्णय घेऊ नका. पातळी उतरते तेव्हा इंधन मातीच्या कणांना चिकटून राहतं आणि पाणी चढलं की पुन्हा विरघळू लागतं, म्हणून कोरड्या दिवसांतला आणि पावसानंतरचा असे दोन्ही निकाल हवेत.

व्यवहाराआधी टाक्या काढून घेण्याची अट घालता आली तर उत्तम, कारण खड्डा उघडा असताना तळातून आणि भिंतींतून जसे नमुने मिळतात तसे बोअरमधून मिळत नाहीत. फक्त ‘टाकी रिकामी आहे’ म्हणून कुणाला गॅस कटर लावू देऊ नका. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेवढं मिश्रण सापडू शकतं. आधी आतली वाफ काढून टाकी निष्क्रिय करायची, मापक लावून खात्री करायची, मगच हत्यार.