ओझूचे तीन सिनेमे एकामागोमाग का बघायचे?

प्रश्न : आमच्या फिल्म क्लबने जुन्या जपानी सिनेमांचं रेट्रोस्पेक्टिव्ह ठेवलंय. कुरोसावाचे 'राशोमोन' आणि 'सेव्हन सामुराई' मी घरी बघितलेत, खूप आवडले. आता दिग्दर्शक यासुजिरो ओझूचे तीन लागतायत, पण गोष्ट वाचली तर तिन्हीकडे घर, आईवडील आणि नोरिको नावाची बाई. एकच बघितला तर चालेल ना?

उत्तर : नाही हो, तिन्ही बघा, आणि सालाप्रमाणेच बघा. 'लेट स्प्रिंग' १९४९, 'अर्ली समर' १९५१, 'टोकियो स्टोरी' १९५३. नोरिको तिन्हींत सेत्सुको हाराच, पण बायका तीन वेगळ्या. पहिलीला लग्नच नकोय, विधुर वडिलांना एकटं सोडवत नाही, मग ते स्वतः दुसरं लग्न करतोय असं खोटं सांगतात. दुसरी घरच्यांनी आणलेलं स्थळ बाजूला ठेवून एका क्षणात स्वतःच ठरवते आणि सगळं घर हादरतं. तिसरीचा नवरा युद्धात गेलाय, आणि सासरेच तिला सांगतात की बाई गं, तू आता लग्न कर. म्हणजे एकच प्रश्न तीन बाजूंनी विचारलाय, आणि हे सगळं एका आठवड्यात बघितलं तरच अंगावर येतं. आणखी एक, नट चिशू र्‍यूवर लक्ष ठेवा. पहिल्यात तो तिचा बाप, दुसऱ्यात सख्खा मोठा भाऊ, तिसऱ्यात सासरा! 'टोकियो स्टोरी'त सत्तरीचा म्हातारा वाटतो तेव्हा तो फक्त ४९ वर्षांचा होता.

आणि हे थिएटरातच बघा. ओझूचा कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही खाली असतो, फारसा हलत नाही, माणसं उठून गेली तरी रिकामी खोली तशीच दिसत राहते. लॅपटॉपवर तेवढ्यात हात मोबाईलकडे जातो आणि नेमकं तेच निसटतं.

प्रश्न : एका मूकपटाला पडद्याशेजारी उभं राहून कोणीतरी बोलणार आहे म्हणे. हे आत्ताचं काहीतरी फॅड आहे का?

उत्तर : अजिबात नाही, जपानात मूकपट असेच दाखवायचे. त्या माणसाला बेन्शी म्हणतात, सगळ्या पात्रांचे आवाज तोच काढतो, मधली गोष्टही तोच सांगतो, आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीसारखं. लोक बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचे. जपानात टॉकी उशिरा रुळली त्याचं हे एक मोठं कारण, ओझूचा पहिला बोलपट तर थेट १९३६चा. नंतर बेन्शींची कामं गेली, त्यांनी संपही केले. कुरोसावाचा मोठा भाऊ हेइगो बेन्शीच होता, त्याने १९३३ साली आत्महत्या केली. तुमच्याकडे बेन्शी येत असेल तर पुढच्या रांगेत बसा, अशी संधी फार क्वचित मिळते.

प्रश्न : ओझू सोडून एकच संध्याकाळ मोकळी आहे. दिग्दर्शक मिझोगुचीचा सिनेमा बघू की नारुसेचा?

उत्तर : मिझोगुची मला जीव की प्राण, पण आत्ता नारुसेच. १९६०चा 'व्हेन अ वुमन असेन्ड्स द स्टेअर्स'. टोकियोच्या गिन्झा भागातला दुसऱ्याच्या मालकीचा बार सांभाळणारी केइको, तीही विधवा, पण हिला समजून घेणारा सासरा नाही, रोज हिशोब, उधारी आणि गिऱ्हाइकांसमोर हसरा चेहरा. 'टोकियो स्टोरी'नंतर लगेच बघितलात तर जास्तच लागेल. हिदेको ताकामिनेने कामही जबरदस्त केलंय आणि सिनेमाचे कपडेही तिनेच डिझाइन केलेत, त्यामुळे किमोनो नीट बघा.