सिम्पाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीत सिम्प्लिफाय हा आदेश दिला तरी (कॉस क्ष)^४ तसंच राहतं. ते २क्ष, ४क्ष अशा कोनांत कसं आणायचं?

सिम्प्लिफाय चुकत नाहीये. त्याला ज्यात कमी क्रिया तेच रूप सोपं वाटतं, आणि (कॉस क्ष)^४ मध्ये घाताची एकच क्रिया आहे. तुम्हाला हवं ते रूप त्याच्या हिशेबाने लांबलचक आहे:

(कॉस क्ष)^४ = (३ + ४ कॉस २क्ष + कॉस ४क्ष) / ८

तेव्हा "सोपं कर" म्हणून भागत नाही, घात मोडून कोनांच्या पटीत आण, असं नेमकं सांगावं लागतं. सिम्पायमध्ये त्यासाठी टीआरपॉवर आहे. ते सिम्प्लिफायच्या आतल्या एफयू या मॉड्यूलमधून वेगळं इम्पोर्ट करावं लागतं. टीआर कॅपिटल, पॉवर स्मॉल. साइन-कॉसचे गुणाकार उरले तर एक्सपांड करून टीआर८ लावा. एक्सपांड ट्रिगच्या नादी लागू नका, ते उलट्या दिशेला जातं: कॉस ४क्ष दिलं की कॉस क्षचे घात हातात देतं.

मी स्वतः या कामाला मॅक्सिमा हे गणिताचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, आणि ट्रिगरिड्यूस या एकाच आदेशात घात आणि गुणाकार दोन्ही मोडतात. (साइन क्ष)^२ (कॉस क्ष)^२ दिलं तर (१ − कॉस ४क्ष) / ८ मिळतं. उत्तर कंसाकंसांत विखुरलेलं आलं तर वरून एक्सपांड द्या. तिथला ट्रिगसिम्प मात्र साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर १ याच्या जोरावर चालतो, तो इथे कामाचा नाही. मॅथेमॅटिका या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याच कामाला ट्रिगरिड्यूस हेच नाव आहे.

पण एकदा हे हाताने करून बघा, अगदी कळकळीने सांगतो. झ = ई^(आय क्ष) धरा, आय म्हणजे −१ चं वर्गमूळ. मग कॉस क्ष = (झ + १/झ) / २. याचा चौथा घात द्विपद प्रमेयाने उलगडला की सहगुणक येतात १, ४, ६, ४, १ आणि खाली १६. दोन टोकांचे १ मिळून २ कॉस ४क्ष, दोन ४ मिळून ८ कॉस २क्ष, मधला ६ एकटा. २ ने भागा, झालं. पास्कलच्या त्रिकोणाची ओळ मधोमध दुमडली की सूत्र तयार! सहाव्या घाताला १, ६, १५, २० वरून (१० + १५ कॉस २क्ष + ६ कॉस ४क्ष + कॉस ६क्ष) / ३२. हे एकदा दिसलं की पाठांतर कायमचं सुटतं.

वर्ग केला की वारंवारता दुप्पट होते, हे कानांनीही ऐकता येतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, पण रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो मुख्यतः १०० हर्ट्झवर. गाभ्याचं आकुंचन-प्रसरण चुंबकीय प्रवाहाच्या दिशेवर नाही, साधारणपणे त्याच्या वर्गावर ठरतं, आणि कॉस वर्ग म्हणजे (१ + कॉस २क्ष) / २.

संकलनासाठी (इंटिग्रेशनसाठी) करत असाल तर सम घातांनाच हे वापरा. ० ते पाय/२ मध्ये कॉसची पदं शून्य होतात, उरतो ३/८ गुणिले पाय/२, म्हणजे ३ पाय/१६. (साइन क्ष)^५ सारख्या विषम घाताला कॉस क्ष = यू धरणं कितीतरी लवकर होतं.

आलेलं उत्तर तपासायला क्ष = ० आणि ९० अंश घाला: चौथ्या घातात ८/८ = १ आणि (३ − ४ + १)/८ = ०.

आणि (टॅन क्ष)^४ वर हा प्रयोग करू नका. साइन-कॉसच्या मर्यादित पदांची बेरीज कधी अनंताकडे जात नाही, टॅन ९० अंशांपाशी जातो. त्यामुळे असं रूप तिथे असूच शकत नाही. त्याला टॅन वर्ग = सेक वर्ग − १ लावा, संकलन (टॅन क्ष)^३/३ − टॅन क्ष + क्ष येतं.