आधी चिप ओळख, मग वायफाय

भाऊ, लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीस, झकास. पण वायफाय दिसत नाही म्हणून लगेच पुन्हा इन्स्टॉल करत बसू नको. लॅपटॉपवरच्या कंपनीच्या नावाला इथे काडीची किंमत नाही, आतली वायफाय चिप कोणाची ते बघ. ‘पीसीआयकॉन्फ -एलव्ही’ (pciconf -lv) ही आज्ञा चालव आणि नेटवर्कची नोंद शोध. इंटेल निघाली तर निम्मं काम झालं. ब्रॉडकॉम निघाली तर तिच्या नादी लागू नको, लिनक्सवर चालायची हा युक्तिवादही इथे कामाचा नाही.

खरी गोची फर्मवेअरची, म्हणजे चिपला चालायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची. ते उतरवायला नेट हवं, आणि नेटसाठीच तर हा खटाटोप! अशा वेळी अँड्रॉइड फोन डेटा केबलने जोड, यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू कर. ‘यूई०’ (ue0) नावाचा इंटरफेस, म्हणजे नेटची जोडणी, उगवला की त्यावर ‘डीएचक्लायंट’ (dhclient) ही आयपी पत्ता मिळवणारी आज्ञा चालव. नुसत्या चार्जिंगच्या केबलने हे होत नाही, नवखे बहुतेक तिथेच अडकतात.

जोडण्यांची यादी देणाऱ्या ‘आयएफकॉन्फिग’मध्ये (ifconfig) वायफाय कार्ड दिसलं नाही तरी घाबरू नको. फ्रीबीएसडीच्या ११ व्या आवृत्तीपासून मूळ कार्ड तिथे दिसतच नाही, ‘सिसकंट्रोल’ (sysctl) या आज्ञेला ‘नेट.डब्ल्यूलॅन.डिव्हायसेस’ (net.wlan.devices) विचार. नाव आलं, की त्यावर ‘डब्ल्यूलॅन०’ (wlan0) हा वायफायचा इंटरफेस तयार कर. वायफायचं नाव-पासवर्ड वायफायला जोडणाऱ्या ‘डब्ल्यूपीए_सप्लिकंट’ (wpa_supplicant) या प्रोग्रामच्या फाइलीत, दोन्ही दुहेरी अवतरणात.

काहीच जमलं नाही तर जळगावला गोलाणी मार्केटमधून यूएसबीत खोचायचा छोटा वायफाय डाँगल आण. पण खोका बघून घेऊ नको. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिप बदललेली असते. रिअलटेक ८१८८सीयू असेल तर घे, आणि बदलून देणार का ते पैसे देण्याआधी विचार.