पहिली सहा पानं काढून टाक

प्रिय मुली,

खाडीच्या प्रदूषणाविरुद्धच्या तुझ्या अर्जाचा मसुदा दोनदा वाचला. एकदा चष्म्यानं, एकदा रागानं. बावीस पानांच्या अर्जात पहिली सहा पानं १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यावर आणि दोन आंतरराष्ट्रीय करारांवर खर्ची पडली आहेत. आपल्या खाडीचं नाव येतं सातव्या पानावर. तुझी आई तर कुठेच नाही. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरून कालवं फोडणारी, गेली तीस वर्षं माझ्या दारात वाटा टाकणारी ती बाई तुझ्या अर्जात 'बाधित समुदाय' झाली आहे.

सगळं चूक आहे असं नाही. भारतानं ते करार १९७९ साली स्वीकारले, राज्यघटनेच्या ५१व्या अनुच्छेदात आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर आहे, हे तू बरोबर लिहिलंस. पण तू जाते आहेस राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या खंडपीठापुढे. (त्याला 'लवाद' कोणी म्हणायला सुरुवात केली देव जाणे. लवाद म्हणजे दोघांनी मिळून नेमलेला मध्यस्थ. हे तर कायद्यानं बसवलेलं न्यायाधिकरण. पण वर्तमानपत्रांनी रुळवलं, आता कोण बदलणार?) त्याच्यापुढे थेट 'माझा मूलभूत हक्क मोडला' म्हणून उभं राहता येत नाही. पर्यावरणाचा भरीव प्रश्न हवा, आणि तो लवादाच्या २०१० च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या सात कायद्यांपैकी एखाद्यातून उठलेला हवा. जल प्रदूषणाचा १९७४ चा कायदा त्यात आहे. सागरी मासेमारी नियमनाचा राज्याचा १९८१ चा कायदा त्यात नाही. म्हणून पर्ससीनवरची, त्या मोठ्या घेर-जाळ्यांच्या मासेमारीवरची, तुझी दोन पानंही काढ. तो वेगळा लढा, वेगळ्या दारात.

मग हक्क येतो कुठून? २०१० च्या त्या कायद्याची उद्देशिका काढून वाच. निरोगी पर्यावरणाचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयांनी ठरवलंय, हे तिथे छापलेलंच आहे. कलम २० म्हणतं, आदेश देताना शाश्वत विकास, खबरदारी आणि 'प्रदूषण करील तो भरील' ही तत्त्वं लावलीच पाहिजेत. म्हणजे तुझं सहा पानांचं काम संसदेनं आधीच करून ठेवलंय. तुला एक परिच्छेद पुरे. उरलेल्या जागेत खाडी लिही.

२०१५ चा उरणचा निकाल पुन्हा वाच, या वेळी निकालासाठी नको, पुराव्यासाठी वाच. बंदराच्या विस्तारानं पारंपरिक मासेमारी गेली म्हणून पुण्याच्या खंडपीठानं १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये द्यायला सांगितलं. पुढे ते प्रकरण अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं, ती वेगळी कथा. पण १,६३० हा आकडा बघ. 'शेकडो कुटुंबं' म्हटल्यावर कुणी भरपाई देत नाही. कुटुंबं मोजलेली होती. भरतीचं पाणी कुठे अडलं, कांदळवन कुठे गेलं, हे दाखवलेलं होतं. हक्क ज्याचा, त्याचं नाव यादीत लागतं.

लवादाच्या त्याच कायद्याची दुसरी अनुसूची तू उघडलेली दिसत नाहीस. भरपाईचे प्रकार तिथे एकेक करून दिलेत. जलचरांचं नुकसान आहे, धंदा किंवा रोजगार बुडाल्याचं नुकसान आहे. आईला विचार, मागच्या मार्गशीर्षात एका सुकतीला किती कालवं निघत, आता किती. वाट्याचा भाव काय होता. कुठल्या दिवशी पाण्याला वास आला, कुठल्या दिवशी बोय मासळी मरून वर आली. ग्रामपंचायतीला दिलेला तक्रारअर्ज आहे ना, त्यावर पोचेचा शिक्का आहे का? नसेल तर आज दुसरा दे आणि शिक्का घेऊनच घरी ये.

आणि ते वाक्य: 'गेली अनेक वर्षं हे प्रदूषण राजरोस सुरू आहे.' लिहिताना तुला बरं वाटलं असेल. समोरच्या वकिलाला त्याहून बरं वाटेल. कलम १४ खाली मुदत सहा महिन्यांची, वर फार तर साठ दिवस. भरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षं. दोन्ही मोजायची वादाचं कारण पहिल्यांदा उद्भवलं तेव्हापासून. तो उठून म्हणेल, अर्जदारच सांगतायत की अनेक वर्षं झाली. बसा मग.

मुदतीवर मी इतकी कडू का, ते सांगते. हे कधी कुणाला लिहून दिलेलं नाही. एका गावाचं अपील माझ्याकडे आलं होतं, पर्यावरण मंजुरीविरुद्ध. कलम १६ खाली तीस दिवस, उशिराचं कारण पटलं तर आणखी साठ. पुढे लवादाला इच्छा असली तरी अधिकार नाही. मंजुरीचा कागद इंग्रजीत, गावात कुणी लावलेला नाही, म्हणून मला वाटलं दिवस गावाला कळल्यापासून मोजतील. मी अपील सुंदर केलं. जगण्याचा हक्क, उपजीविका, सगळं. दाखल केलं सत्त्याण्णवाव्या दिवशी. मंजुरी संकेतस्थळावर चढली तो दिवस धरला गेला आणि आमचं एक पानही कुणी उघडलं नाही. बायका घाट चढून पुण्याला आल्या होत्या, डबे घेऊन. परतीच्या एसटीत मला कुणी एक शब्द बोललं नाही, हे मला अजून लागतं.

हक्क न्यायाधिकरणात चालतो कसा, याचं मला आवडणारं उदाहरण पर्यावरणाचं नाहीच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ साली कायदा आला. तरी पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात रकाने दोनच. २०२२ च्या नोव्हेंबरात 'मॅट'नं, म्हणजे आपल्या प्रशासकीय न्यायाधिकरणानं, तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. सरकार उच्च न्यायालयात गेलं, डिसेंबरात तिथेही बोलणी खाल्ली आणि नियम करायला तयार झालं. आठ वर्षांनी भांडण आलं कशावर, तर अर्जातल्या एका चौकोनावर.

आता तुझा दुसरा प्रश्न. सरकारी कायद्यांच्या मसुद्यावर हरकती पाठवून होतं काय, सरकार ठरवायचं तेच ठरवतं, असं तू चिडून लिहिलंस. बऱ्याचदा ठरवतंच. तरी ऐक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर १९९७ साली कायदाच नव्हता. भारतानं १९९३ साली मान्य केलेल्या स्त्रियांविषयीच्या कराराचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयानं विशाखा निकालात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं. सोळा वर्षं. तुझ्यासारख्या कितीजणी त्या काळात निवेदनं टाइप करत होत्या, त्यांची नावं कुठे नाहीत.

२०१४ च्या केंद्राच्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा २०२० चा मसुदा टाळेबंदीत आला, इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयानं मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं; केंद्राला तेही रुचलं नाही. आपल्याकडचं जनसुरक्षा विधेयक बघ. जुलै २०२४ मध्ये आलं, संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांवर सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर होताना व्यक्तींचा उल्लेख गळून रोख कडव्या डाव्या संघटनांवर 'किंवा तशाच' संघटनांवर आला. तो 'किंवा तशाच' मला आजही खुपतो. एकेका शब्दावर भांडावं लागतं ते यासाठीच.

म्हणून हरकत लिहिताना 'हे विधेयक लोकशाहीविरोधी आहे' एवढ्यावर थांबू नकोस. कलमाचा क्रमांक दे, खुपणारा शब्द दाखव, तो उद्या आपल्या गावात कुणावर चालेल ते सांग, त्याजागी कोणता शब्द हवा तेही लिहून दे. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालानं मोजमाप दिलंय: कायद्याचा आधार आहे का, हेतू वैध आहे का, उपाय हेतूच्या मापाचा आहे का. तिसऱ्यावर जास्त वेळ दे. पहिल्या दोन्हींत सरकार सहसा हरत नाही.

उच्च न्यायालयाचा रस्ता बंद झालेला नसतो, न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात दाद मागता येते असं सांगणाऱ्या १९९७ च्या चंद्रकुमार निकालानंतर तर नाहीच. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाला त्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ झालंय, आंबा घाट चढला की पोचलीस. पण पुण्यात पुरावा कच्चा राहिला तर कोल्हापुरात तो शिजवून मिळणार नाही.

रविवारी ये. कोर्टाचा कोट नको, वही आण. आईलाही घेऊन ये. प्रतिज्ञापत्र तिचं होणार, तुझं नाही, आणि ती बोलेल तसंच आपण उतरवून घेऊ. येताना कालवं मिळाली तर आण. नाही मिळाली तर कुठल्या वेळच्या सुकतीला, कुठे, किती वेळ शोधली, ते तारखेसकट लिहून आण.

तुझी,
वकीलमावशी