मागच्या दाराने ये

प्रिय होतकरू शेफ,

तुझी मेल तीनदा वाचली. शेवटची काल रात्री, ओटे पुसून झाल्यावर. त्यात 'सस्टेनेबल' हा शब्द सात वेळा आलाय, 'शेतकरी' दोनदा आणि कांदा एकदाही नाही. रागावू नकोस. तुझ्या वयात माझ्या अर्जात 'क्रिएटिव्ह' असाच ठासून भरला होता, आणि पहिल्या दिवशी मला चाळीस किलो कांदा सोलायला बसवलं. जेवणाच्या सुट्टीत आईला फोन केला तर तिला वाटलं मी रडतेय. थोडी रडतही होते म्हणा.

तुझा प्रश्न असा की कॉलेजच्या ट्रेनिंगला मोठं हॉटेल घेऊ, की माझ्यासारख्या पस्तीस खुर्च्यांच्या, गावाकडून माल आणणाऱ्या जागी येऊ. उत्तर तुला आवडणार नाही. आत्ता मोठं हॉटेल घे. माझ्याकडे दिवसाला आठदहा किलो कांदा चिरला जातो, तेवढ्यावर हात बसत नाही. आठशे माणसांचं लग्न कसं निघतं, केओटीची (ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची) रांग लागल्यावर डोकं शांत कसं ठेवायचं, शिजलेली डाळ उथळ ट्रेमध्ये ओतून लगेच गार का करायची, ५ ते ६० अंशांच्या मध्ये अन्न रेंगाळलं की त्याचं काय होतं, हे तिथे अंगात मुरतं. पाहुण्याचं पोट बिघडलं तर तांदूळ गावठी होता म्हणून कोणी माफ करत नाही.

मात्र तिथे गेलीस की एक गोष्ट मागून घे. सगळ्या पोरांना पेस्ट्री हवी असते, नाहीतर कॉन्टिनेंटल. तू दोन आठवडे रिसीव्हिंग माग, म्हणजे आलेला माल मोजून उतरवून घ्यायचं काम. मागचं गेट, सकाळचे सहा, वजनकाटा, ओल्या गोणपाटाचा वास. टेम्पो लागतात, क्रेट उतरतात, आणि 'साइज बरोबर नाही' म्हणून त्यातले काही तसेच परत चढतात. ते कुठे जातात, हे टेम्पोवाल्याला विचार. माल देणाऱ्याला विचार की बिलाचे पैसे किती दिवसांनी मिळतात. मी एका हॉटेलात होते (नाव सोड), तिथे प्रत्येक टेबलावर शेतकऱ्यांच्या फोटोंचं कार्ड असायचं. त्याच फोटोतला एक माणूस तीन महिने थकलेलं बिल मागायला आला, तर त्याला पुढच्या दाराने आत सोडलं नाही. मी आतून बघत होते आणि पुढे झाले नाही. तेव्हापासून 'लोकल'ची माझी व्याख्या फार छोटी झाली. माल आला, पैसे त्याच आठवड्यात. बाकीचं नंतर बोलू.

मेलमध्ये तू 'शेतकऱ्यांना सपोर्ट' करायचं म्हटलं आहेस. जरा उलटं बघ. बहुतेक वेळा शेतकरी आणि कोळी आपल्या सोयीसाठी वाकत असतात. पापलेटच घे. तंदुरी पापलेट अख्खं हवं आणि ताटलीत मावलं पाहिजे, ही मागणी आली आपल्या ताटलीच्या मापावरून. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारही ठरवून दिला, त्याहून लहान पकडायची नाही म्हणून. ठीक आहे, पण शेफ 'प्लेट साइज' मागत राहिला तर लहान पापलेट कुठून ना कुठून येणारच. मी मोठं घेते आणि तुकड्या करून विकते. फोटो चांगला येत नाही अशी तक्रार असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडे सुरमई नसते. जवळा, सुका बोंबील, खाडीतलं काही मिळालं तर ते. जुलैत 'ताजी सुरमई' असलेल्या जागी ट्रेनिंगला असशील तर स्टोअरमध्ये जाऊन खोक्यावरची तारीख बघून ये.

आणि मी फार शहाणी आहे असं समजू नकोस. जळगावकडची भरिताची वांगी तू पाहिली असशील: फिकट हिरवी, गलेलठ्ठ, बी कमी. माझ्याकडे ती यावल तालुक्यातून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतात, आणि पहाटे पाचला ठाण्यात माजिवड्याच्या पुलाखाली मी रिक्षा थांबवून उभी असते. पहिल्या वर्षी मी हौसेने मेनूकार्ड छापलं. जाड कागद, वर लॅमिनेशन, आणि त्यात 'खानदेशी भरीत' बारा महिने. मार्च सरता सरता वांगी संपली. मेनू लॅमिनेटेड! मग वाशीच्या बाजारातली जांभळी हायब्रीड वांगी आणली आणि नाव तेच चालू ठेवलं. एक दिवस डोंबिवलीहून एक कुटुंब आलं. त्यातल्या आजींनी एक घास घेतला, मला बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, गॅसवर भाजलंस ते चालेल. पण हे वांगं भरिताचं नाही." बिल त्यांनी पूर्ण दिलं. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून आमचा मेनू फळ्यावर खडूने लिहिला जातो. वांगी कोळशावर भाजतो, कारण खानदेशात वापरतात त्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, इथवर आणणं परवडत नाही. ठेचायला लाकडी बडगी मात्र तिकडूनच मागवली. मिक्सरमध्ये भरताची लापशी होते. आणि एप्रिलमध्ये कोणी भरीत मागितलं तर वेटर सांगतो, डिसेंबरात या. काही लोक खरंच येतात.

भाजीचं नाव सगळे विचारतात, तू वाणाचं नाव विचारायची सवय लाव. घेवडा म्हणजे कोणता, कोरेगावचा वाघ्या का? तांदूळ म्हणजे आजऱ्याचा घनसाळ का? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी देशी बियाणं जपलं, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, आपण टाळ्या वाजवल्या. पण ते बियाणं दर वर्षी शेतात पडायचं तर पीक कोणीतरी विकत घेऊन शिजवलं पाहिजे, आणि ते काम आपलं. घनसाळ मला साध्या तांदळाच्या जवळजवळ दुप्पट भावाने पडतो. म्हणून तो पुलावात घालत नाही. नुसत्या वरणभाताला वापरते, जिथे झाकण काढल्यावर वास आधी टेबलावर पोचतो.

कुठेही गेलीस तरी कचऱ्याचा डबा बघ. दहा किलो फ्लॉवर आला की तीनचार किलो पाला-देठ सहज निघतो. तो कुठे जातो, यावरून शेफची पारख होते. दोडक्याच्या शिरांची चटणी तुझ्या आजीने जन्मभर केली असेल. आता ती 'झिरो वेस्ट' म्हणून काळ्या दगडी पाटीवर येते आणि तिचे साडेतीनशे रुपये होतात. मला हसू येतं. मीही विकते, एकशेऐंशीला.

पदवी हातात आल्यावर लहान जागा शोधशील तेव्हा मुलाखत तूही घे. स्टाफला जेवायला काय असतं? रात्री साडेअकराला सुटलीस तर घरी कोण सोडतं? दोन दिवसांची ट्रायल फुकट दे, हरकत नाही. सहा महिने फुकट राबवणारा 'एक्सपोजर मिळेल' म्हणाला तर सरळ उठून ये. देशी बियाणं, स्थानिक भाजी, आणि किचनमधलं पोरगं चौदा तास उभं. असल्या जागा मी पाहिल्या आहेत, त्यांच्या भिंती फार सुंदर असतात. सुऱ्यांचा महागडा सेट घेऊ नकोस. आठ इंची एक चांगली सुरी, एक पीलर आणि न घसरणारे बूट बस्स.

आता कामाचं. कॉलेज सुरू व्हायच्या आत ये एकदा. पहिला पाऊस पडला की जांभळी नाक्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं, ही पावसाळी रानभाजी, घेऊन बसतात, तेव्हाच ये. सकाळी सातच्या आत, उशीर झाला तर संपतात. त्यांच्याकडून शेवळांसोबत काकडंही घ्यायची, ती आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजून जीव जातो. हे मला कोणत्याही कॉलेजात शिकवलं नाही. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी मूळच्या शहापूरकडच्या, त्यांनी शिकवलं, तेही मी एकदा सगळ्या स्टाफचे घसे बिघडवल्यावर. त्या दिवशी साफ करायला तुला त्यांच्याच शेजारी बसवणार आहे. आतला पिवळा दांडा काढून टाकायचा असतो, त्याआधी हाताला तेल चोळायचं. नखं कापून ये.

तुझी,
किचनमध्ये 'शेफ', मावशींसाठी 'ताई'

ता. क. पुढचा दरवाजा अकराला उघडतो. तू मागच्या गल्लीतून ये, गॅस सिलिंडरच्या जाळीशेजारी दार आहे. दोनदा वाजव, मिक्सर चालू असला की ऐकू येत नाही.